दुधाची गाठ

मी अंगणवाडी सेविका आहे. हर्सूल तलावाच्या पलीकडं, जिथं आधी ज्वारीची रानं होती आणि मग प्लॉटिंग पडलं, तिथल्या वस्तीत माझी अंगणवाडी. नवरा दत्ता पाण्याचा टँकर चालवतो. मूळ आम्ही कन्नड तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. माझी सासू म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले.

महिन्यातून एकदा गरोदर बायांना आणि तान्ह्या लेकरांच्या आयांना गोळा करून मी स्तनपानाचे फायदे सांगायचे. भिंतीला तक्ता टांगायचा आणि छडी लावून एकेक ओळ समजावायची. पहिलं पिवळं चिकट दूध फेकू नका, ती लेकराची पहिली लस. सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाण्याचा थेंबही नको. त्यानंतर वरचं खाणं सुरू करा, पण दोन वर्षांपर्यंत पाजा. पाजणाऱ्या बाईची पिशवी लवकर जागेवर येते, अंगावरून जाणं लवकर थांबतं. आमच्या वस्तीत नळ नव्हता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता, टँकर चार-चार दिवसांनी यायचा आणि ड्रममधल्या पाण्यात तळाला गाळ बसायचा. अशा ठिकाणी ज्या लेकराच्या पोटात फक्त आईचं दूध जातं तेच जुलाबातून वाचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं मी मनापासून सांगायचे.

तक्त्यावरची शेवटची ओळ होती, ‘पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.’ ती मी कधी आहे तशी वाचली नाही. मी म्हणायचे, “पाजलं की कॅन्सर होत नाही.” धोका कमी होतो म्हटलं की बाया चुळबुळ करायच्या. होत नाही म्हटलं की ऐकायच्या.

कुणी म्हणालं, ताई, छातीत गाठ आलीय, तर माझं उत्तर ठरलेलं. दुधाची गाठ आहे. गरम फडक्यानं शेक, हलक्या हातानं चोळ, त्या बाजूनं जास्त पाज. बहुतेक वेळा ती जायचीही. म्हणून मला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री होती.

गाठ

चैत्राली लग्नानंतर सहा वर्षांनी झाली, भर उन्हाळ्यात. ती तीन महिन्यांची असताना अंघोळ करताना डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, मला गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती. मी मलाच तेच सांगितलं जे इतरांना सांगत होते. शेकलं, चोळलं, डावीकडून जास्त पाजलं.

थोड्या दिवसांनी चैत्राली डावीकडं तोंड फिरवायला लागली. उजवीकडं ओढून ओढून प्यायची आणि डावीकडं घेतलं की मान वळवून रडायची. आत्या म्हणाली, “नजर लागली असंल कुणाची,” आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

मी एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ब्लाउजवरूनच हात लावला.

“पाजतेस ना?”

“हो.”

“मग दुधाचीच. पाजणं सुटलं की जाईल.”

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मला खरं म्हणजे बरं वाटलं. आपण बरोबर होतो, असं वाटलं. चार महिने मी त्या बरं वाटण्यावर काढले. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली तरी मी स्वतःला म्हणत होते, दूध साचलंय. पाजणाऱ्या बाईच्या छातीत दुधाशिवाय दुसरं काय असणार?

पुढं लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर आमच्या अंगणवाडीत आल्या. लेकरांची वजनं चालली होती. मी सहज बोलल्यासारखं त्यांना सांगितलं, तर त्यांनी मला पडद्याआड नेऊन ब्लाउज काढायला लावला. बराच वेळ हात फिरवला. काखेतही दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, “रंजना, ही दगडासारखी आहे. हलत नाही. दुधाची गाठ अशी नसते.”

“डॉक्टरांनी बघितलंय.”

“मी तुझ्या जागी असते तर उद्याचा दिवस पण थांबले नसते. आज निघ.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या गाठीला नीट हात लावला होता. आठ महिन्यांची पोर कडेवर घेऊन मी दत्ताला फोन केला. तो टँकर भरायच्या रांगेत होता. रांग सोडून आला.

रिपोर्टचा दिवस

सरकारी कॅन्सर दवाखान्यात सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही सकाळपासून व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी गंगापूरची एक म्हातारी होती, तिच्या गळ्याला पट्टी. ती चैत्रालीशी खेळत होती. चैत्राली किरकिरायला लागली म्हणून मी पदर घेऊन तिला पाजायला घेतलं, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी तिला तशीच छातीशी धरून आत गेले.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी बाळाकडं पाहिलं, मग कागदाकडं. “कॅन्सर आहे,” असं सरळ म्हणाल्या. गोल गोल बोलल्या नाहीत ह्याचे मी आजही उपकार मानते.

मी एवढंच विचारलं. “मी तर पाजत होते. पाजणाऱ्या बाईला होतो?”

“पाजल्यानं धोका कमी होतो, ताई. जात नाही.”

तक्त्यावरची ओळ. मला पाठ होती.

त्या पुढं बोलत राहिल्या. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन. औषधं दुधात उतरतात, म्हणून ती सुरू व्हायच्या आधी बाळाला अंगावरून सोडवायचं. “किती दिवसांत?” दत्तानं विचारलं. “आठ-दहा. त्यापुढं मी थांबू शकत नाही. आधीच उशीर झालाय.”

दत्तानं खालच्या आवाजात विचारलं, “आजवर पिली त्या दुधातून पोरीला तर...?”

“नाही. दुधातून कॅन्सर लागत नाही. तिच्यासाठी ते दूध चांगलंच होतं.”

बाहेर आल्यावर म्हातारीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. चैत्रालीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, “जा, तोंड धुऊन ये.” दवाखान्याच्या नळाला पाणी नव्हतं. तिनं आपल्या बाटलीतलं ओंजळीत ओतलं.

बातमी दोन दिवसांत गावापर्यंत गेली. माझी जाऊ फोनवर म्हणाली, “नीट पाजलं नसंल. कामाच्या नादात दूध तुंबू दिलं असंल.” एक चुलतसासू म्हणाली, इतक्या उशिरा पोर झाली, त्याचंच हे. प्रत्येकीकडं कारण होतं आणि प्रत्येक कारणात चूक माझीच होती. मला राग ह्याचा आला की ह्या बाया जे बोलत होत्या त्यातलं अर्धं मीच इतरांना शिकवलं होतं. पाजलं की होत नाही, म्हणजे झालं तर पाजलं नसणार.

सोडवणं

आठ महिन्यांचं लेकरू आठ दिवसांत कसं सोडवायचं हे कुठल्याच तक्त्यावर नव्हतं.

दूध आटवायच्या गोळ्या दिल्या होत्या, पण छाती भरून यायची ती यायचीच. दगड होऊन ठणकायची. चैत्रालीला बाटली दाखवली की ती तोंड घट्ट मिटायची. वाटी-चमच्यानं पावडरचं दूध दिलं तर थुंकायची. वरणाचं पाणी, मऊ भात दोन घास घ्यायची आणि माझ्या ब्लाउजला हात घालायची.

तिसऱ्या दिवशी आत्या कडुनिंबाचा पाला वाटून घेऊन आली. “लाव. आम्ही सगळ्यांनी असंच सोडवलंय.” मी नको म्हणाले. संध्याकाळी मीच तो लावला. चैत्राली आली, तोंड लावलं, चेहरा आकसला, रडली. मग पुन्हा तोंड लावलं. पुन्हा रडली. असं चार-पाच वेळा केलं तिनं. रडत होती आणि कडू चाटत होती. शेवटी माझ्याकडं पाहत राहिली. मी उठून मोरीत गेले, छाती धुतली आणि परत येऊन तिला पाजलं. दुसऱ्या दिवशी आत्या तिला घेऊन शेजारणीकडं झोपायला गेली. मला पाहिलं नाही की विसरेल, म्हणाली. ती विसरली नाही. रडून रडून थकली, एवढंच.

दहाव्या दिवशी मला पहिलं सलाईन लागलं. खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत एक बाई, प्रत्येकीच्या मांडीवर स्टीलचा डबा किंवा प्लास्टिकची पिशवी. कुणाला काय होतंय हे एकमेकींना न सांगताच कळायचं. उलटी आली की शेजारची आपली पिशवी पुढं करायची. गंगापूरची म्हातारी प्रत्येक वेळी दोन लिंबं घेऊन यायची, एक मला हुंगायला. माझे केस दुसऱ्या सलाईनआधी गेले. केसांचं मला काही वाटलं नाही. सलाईन चालू असताना समोरच्या खुर्चीतल्या बाईचं लेकरू बाहेर व्हरांड्यात रडायचं, आणि माझ्या सुकलेल्या छातीत कळ यायची. त्याचं वाटायचं.

घरी पावडर, उकळलेलं पाणी, उकळलेली वाटी. उकळायचं म्हणून कितीही म्हटलं तरी आत्याचं वय सत्तरीकडं, मी अंथरुणात आणि दत्ता टँकरवर. वस्तीला पाणी पोचवणाऱ्याच्या घरात पोरीच्या वाटीपुरतं चांगलं पाणी नव्हतं. पहिल्या सलाईननंतर पंधरा दिवसांतच चैत्रालीला जुलाब लागले आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. माझ्या रक्तातल्या पेशी कमी झाल्या होत्या म्हणून मला तिथं जायला बंदी. आत्या तिच्याजवळ बसली. मी घरात, पोरीच्या रिकाम्या झोळीशेजारी.

शाहीन

पलीकडच्या गल्लीत शाहीन राहायची. तिचा नवरा नव्या इमारतींना खिडक्यांचे ग्रिल बसवायचा. तिचा अयान तेव्हा चार महिन्यांचा होता. शाहीन माझ्या अंगणवाडीतली, माझ्या प्रत्येक बैठकीला पहिल्या ओळीत बसणारी. चैत्राली दवाखान्यातून सुटून आली त्या दुपारी ती आली, दारातच थांबली.

“बाजी, मेरे को दूध बहोत है. अयान का पेट भरके भी बचता. बच्ची को मेरे पास देव.”

तिनं बुरख्याच्या आतून प्लास्टिकची फाईल काढली. बाळंतपणातले सगळे रिपोर्ट. “तुमीच बोले थे ना, दुसरे का दूध पिलाना तो खून की तपासणी देखना. देख लेव.”

मी ती फाईल सिस्टरांना दाखवली. त्यांनी एकेक कागद नीट पाहिला, डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि म्हणाल्या, चालेल. दत्ता म्हणाला, “तुला पटतंय ना? मंग झालं.” मला भीती होती ती आत्याची. आत्या चुलीपाशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “कोकराची माय मेली तर दुसऱ्या मेंढीखाली लावतोच की आपण. पोर जगली पाह्यजे.”

पहिल्या दिवशी शाहीननं चैत्रालीला मांडीवर घेतलं तेव्हा ती आधी बावरली, मग वास घेतला आणि घटाघटा प्यायला लागली. तिचा हात शाहीनच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागला. माझं लेकरू वाचत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मी भिंतीकडं तोंड केलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. त्या क्षणी मला शाहीनचा राग आला होता.

तिला ते कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ती चैत्रालीला आपल्या घरी न्यायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पोचवायला आली की सांगायची, “आज बहोत पी. हँसी भी.” एकदा म्हणाली, “अब ये अयान की दूध-बहेन हो गई. हमारे में दूध का रिश्ता खून के बराबर रहता, बाजी. इनकी शादी भी नई हो सकती अब.” आत्या हसली. “बरं झालं, एका सोयऱ्याची काळजी मिटली.”

दोन महिन्यांत चैत्रालीच्या गालांवर मांस चढलं. वजनाच्या तक्त्यावर तिची रेघ वर सरकली. माझ्या आजारपणातले सगळ्यात चांगले दिवस कुठले असं कुणी विचारलं तर हेच, जरी मी तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

अण्णा

दत्ताचे थोरले भाऊ, अण्णा, कन्नडला असतात. समाजात त्यांच्या शब्दाला मान आहे. दुसऱ्या सलाईननंतर माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, आमच्याकडं येऊन राहिली होती. स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, सगळं तिच्यावर. आत्याच्यानं आता हंडा उचलत नव्हता. जाऊ बोलायची टोचून, पण राबायची.

एका दुपारी अण्णा आले. कुणीतरी गावात सांगितलं होतं. चहा घेतला नाही. बसले आणि दत्ताला म्हणाले, “पोरीला कुणाचं दूध चालूय?”

दत्ता म्हणाला, “शेजारणीचं.”

“कोणत्या शेजारणीचं?”

आत्या म्हणाली, “शाहीनचं. लई गुणाची बाई हाय. पोर मरत व्हती, अण्णा.”

“तू नको बोलू, बाई. तुला काय कळतंय?” आईला ते असंच बोलायचे. “उद्या पोरीची सोयरीक जमवायची आपल्याला. चार माणसं विचारतील. काय सांगायचं? बाजारात पावडर मिळत नाय का? शेरडं मेलीत का सगळी?”

मी अंथरुणातूनच म्हणाले, “पावडरनं तिला काय झालं ते तुम्ही बघायला आला नव्हता, अण्णा.”

ते माझ्याकडं बघून बोलले नाहीत. दत्तालाच म्हणाले, “हे बंद व्हत नाय तवर माझी बायको ह्या घरात राहणार नाय. सांज व्हायच्या आत ठरवा.” जावेनं पिशवी भरायला घेतली. तिच्या मनात जायचं होतं असं मला वाटत नाही. पण भरायला घेतली.

दत्तानं माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते की तो काहीतरी बोलेल. तो वाट बघत होता की मी बोलेन. पाचवं सलाईन चार दिवसांवर होतं. मला मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं. हंडे कोण भरणार, आत्याला कोण बघणार, पोरीला कोण बघणार, हे मी मनात फिरवत होते आणि दर वेळी जावेवर येऊन थांबत होते.

शाहीन चैत्रालीला पोचवायला आली तेव्हा अण्णा ओट्यावरच होते. मी भिंतीला धरत दारापर्यंत गेले. दत्तानं जायला हवं होतं. मी गेले.

“शाहीन, आता ती वरचं घेते. राहू दे उद्यापासून.”

तिनं ओट्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं. तरी म्हणाली, “एक टाईम तो भेजो, बाजी. सुबह का. मेरा भी दुखता, अब दो बच्चों का उतरता.”

भरलेली छाती कशी ठणकते हे त्या वस्तीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी म्हणाले, “नको,” आणि पोर घेऊन दार लावलं.

जावेनं पिशवी रिकामी केली. अण्णांनी मग चहा घेतला.

उन्हाळा

त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावात भेगा पडल्या. टँकर आठवड्यावर गेला. आम्हाला वाटलं होतं, आता पोर मोठी झालीय, निभेल. वर्षाची होण्याआधी चैत्राली पुन्हा जुलाबानं पडली. ह्या वेळी डोळे खोल गेले, टाळू बसली, रडली तरी पाणी येईना. दोन दिवस डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. माझी औषधं अजून चालू होती, मी मास्क लावून काचेबाहेर उभी राहिले. तिथल्या सिस्टर ओरडल्या तरी हलले नाही.

ती वाचली. पण दवाखान्यातून आल्यावर अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन केलं आणि तक्त्यावर टिंब दिलं तेव्हा ते लाल पट्ट्यात गेलं. माझ्या मदतनीस बाईनं पेन्सिल हातात घेतली होती, मी ती काढून घेतली. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांची लाल टिंबं दिली होती आणि त्यांच्या आयांना म्हणत होते, लक्ष देत नाही तुम्ही.

अण्णा दवाखान्यात आले नाहीत. लग्नसराई होती.

आषाढात माझी डावी छाती काढली. ऑपरेशननंतर दत्तानं पट्टी बदलायला शिकून घेतलं. एकदा पट्टी बांधता बांधता म्हणाला, “त्या दिवशी मीच बोलायला पाह्यजे व्हतं.” मी म्हणाले, “हो.” त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायची ताकद होती माझ्यात, पण बोलले नाही. आमच्या संसारात ते तसंच पडून आहे.

नंतर

मी बरी झाले. म्हणजे तपासण्या सुरू असतात, पण औषधं संपली, केस आले, काम सुरू झालं. गंगापूरची म्हातारी राहिली नाही. आत्याही दोन वर्षांनी गेली. शहराचं नाव बदललं, वस्तीत तीन-चार मजली इमारती आल्या, पाण्याची लाईन आली, पाणी मात्र अजून मोजकंच.

कामावर गेल्यावर मी पहिल्यांदा जुनी रजिस्टरं काढली. ज्या ज्या बाईला मी ‘दुधाची गाठ, शेक’ म्हणाले होते ती आठवून आठवून तिच्या घरी गेले. बहुतेकींची खरंच दुधाचीच होती, कधीच गेली होती. एक सापडली नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, तिच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. तिची गाठही डावीकडं होती की उजवीकडं, तेही मला आठवत नाही.

आता मी तक्त्यावरची ओळ आहे तशी वाचते. कमी होतो. बाया चुळबुळ करतात, करू देते. पाजा, असंच सांगते, कारण पाजण्यानं माझं काही वाईट झालं नाही, आणि माझ्या पोरीचे पहिले आठ महिने त्याच्यावरच निरोगी गेले. पण गाठ आली आणि शेकून, पाजून आठ-पंधरा दिवसांत गेली नाही, तर दाखवा. ब्लाउजवरून हात लावून कुणी दुधाची आहे म्हणालं तर उठून दुसरीकडं जा. पाजत असतानाही सोनोग्राफी होते, सुईची तपासणी होते. आणि पाजणं अचानक सोडावं लागलं तर त्या आईला कारणं सांगू नका, तिच्या घरी एक हंडा चांगलं पाणी नेऊन द्या.

शाहीनकडं जायला मला वर्षं लागली. ती आता नारेगावच्या बाजूला राहते. तिनं बसवलं, चहा केला. मी सांगितलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “मजबूरी थी तुमारी.” मला वाटलं, संपलं. मग कप उचलता उचलता ती म्हणाली, “तीन दिन मेरे को बुखार था, बाजी. दूध निकाल-निकाल के मोरी में फेंकी मैं. और उधर बच्ची अस्पताल में थी, ये बाद में मालूम पड़ा. बुला तो लेते.” रागानं म्हणाली नाही. निघताना अयान शाळेतून आला. उंच झालाय. तिनं त्याला सांगितलं, “सलाम कर. तेरी दूध-बहेन की अम्मी है.” त्यानं सलाम केला आणि विचारलं, “वो नई आई?”

घरी आले तेव्हा चैत्राली ओट्यावर गणितं करत होती. तिला आम्ही कधीच काही सांगितलं नव्हतं. अण्णांच्या भीतीनं नाही, नुसतं राहत गेलं. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. आजार, सोडवणं, शाहीन, अयान. तिनं पेन्सिल खाली ठेवून ऐकलं.

“मंग तिनं बंद का केलं?”

“तिनं नाही बंद केलं.”

“मंग कुणी?”

अण्णांचं नाव माझ्या जिभेवर होतं. त्यांच्यामागं दत्ताचंही.

“मी,” मी म्हणाले.

तिनं वही मांडीवर ओढली आणि पुन्हा गणितं करायला घेतली.